झोपेसाठी हो, दुसरं काही नाही

थेरगावात गांजा कुणीच ओढत नाही. डांगे चौकापासून सोळा नंबरच्या स्टॉपपर्यंत आणि तिथून खाली पवनेच्या काठापर्यंत कुणालाही थांबवून विचारा. एक जण औषध घेतो. दुसरा ध्यान करतो. तिसऱ्याने परवाच सोडलाय आणि चौथा नुसता मित्राच्या सोबतीला उभा आहे. संध्याकाळी सातनंतर केजुदेवीच्या बंधाऱ्याकडून जो वास येतो तो मग जलपर्णीचाच असणार.

तंबाखू मळणारा कधी कारण देत नाही. मळतो, झटकतो, दाढेखाली ठेवतो आणि बोलणं पुढे चालू करतो. दारूवाल्यांकडे कारणं असतात, पण ती कशीही चालतात: पगार झाला, पगार थकला, मॅच जिंकली, मॅच हरली. गांजाचं तसं नाही. इथे पुडी सुटायच्या आधी कारण सुटतं, तेही कुणी विचारलेलं नसताना. आणि सध्या पिंपरी-चिंचवडमधल्या थेरगाव, वाकड, काळेवाडी या पट्ट्यात सगळ्यात जास्त चालणारं कारण एकच आहे. झोप. ‘झोपेसाठी हो, दुसरं काही नाही.’

हे वाक्य दुपारी साडेचार वाजता ऐकायला मिळतं. बंधाऱ्याच्या बाजूला दोन मोटारसायकली, चार तरुण, एक ब्लूटूथ स्पीकर. गळ्यातली आयकार्डं खिशात गेलेली, पण पट्ट्या बाहेर लोंबतायत. चौघे मिळून झोपायला आलेले आहेत. त्यांतला एकही आडवा झालेला नाही. एक जण विश्वाला अंत आहे का, यावर बोलतोय, दुसरा तेच गाणं अकराव्यांदा लावतोय आणि तिसरा गोगो पेपरच्या टोकाला घालायला पुठ्ठा शोधतोय. पुठ्ठा सापडतो तो फिजिओथेरपिस्टच्या व्हिजिटिंग कार्डाचा. म्हणजे वैद्यकशास्त्राचा संबंध अगदीच नाही असं म्हणता येणार नाही. रात्री साडेबाराला या चारही निद्राधीन मंडळींना कडकडून भूक लागते आणि झोपेचं औषध घेतलेली ही वरात भुर्जीच्या गाडीवर उभी राहते. तीन वाजता घरी. साडेनऊला टीम लीडला मेसेज: तब्येत बरी नाही, घरून काम करतो. कारण विचारलं तर खरं सांगतात, रात्रभर झोप झाली नाही. मग अशा माणसाने संध्याकाळी झोपेसाठी काहीतरी घ्यायला नको का?

या फेऱ्यात शास्त्रही आहे, फक्त ते उलट्या बाजूचं आहे. गांजातलं टीएचसी सुरुवातीला डोळा लवकर लावतं, हे खरं. पण झोपेतला स्वप्नांचा टप्पा ते आखडून टाकतं. रोजची सवय जडली आणि एखाद्या रात्री माल मिळाला नाही, की झोप उडते, चिडचिड होते, जेवण जात नाही आणि पहाटे डोळा लागलाच तर इतकी ठसठशीत स्वप्नं पडतात की माणूस दचकून उठतो. एक-दोन दिवसांत हे सुरू होतं, पहिल्या आठवड्यात जोर धरतं आणि झोपेचा घोळ पुढे काही आठवडे रेंगाळतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून याची रीतसर नोंद आहे. थेरगावात मात्र त्या जागरणाचा अर्थ वेगळा लागतो. ‘बघ, नाही घेतला तर झोपच येत नाही. म्हणजे मला खरंच गरज आहे.’ सोडल्याने जी झोप गेली, तीच घेण्याचा दाखला म्हणून पुढे केली जाते.

आणि झोपेचा एवढा ध्यास घेतलेल्या माणसाची बाकीची तयारी बघावी. हप्त्यावर घेतलेली, शंभर रात्री वापरून परत करता येणारी गादी आहे. खिडकीला काळा पडदा आहे. घोरणं, कूस बदलणं, हृदयाचे ठोके असं सगळं मोजणारं घड्याळ मनगटावर आहे आणि ते रोज सकाळी झोपेला गुण देतं, शंभरपैकी एकेचाळीस. हे एकेचाळीस तो मित्रांना दाखवतो, आईला दाखवतो, एकदा डॉक्टरांनाही दाखवतो. फोन बाजूला ठेवून दिवा मालवायचा, हा एक उपाय तेवढा राहिलाय. तो करून बघायला वेळ मिळत नाही, कारण रात्री दोनपर्यंत झोप कशी सुधारावी याचे व्हिडिओ बघायचे असतात.

कारणं गोळा करायची हौस सरकारलाही जुनी आहे. १८९३ साली ब्रिटिश सरकारने भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने देशभर फिरून ११९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. लोक हे का घेतात, याचीही त्यात लांबलचक नोंद आहे. श्रम हलके होतात. थंडी आणि ओल बाधत नाही. वाईट पाणी बाधत नाही. अन्न पचतं. देवाकडे लक्ष लागतं. आयोगाचा निष्कर्ष असा होता की बेताने घेणाऱ्याला जवळपास अपाय नाही, अतिरेक करणाऱ्याला आहे, तेव्हा सरसकट बंदी नको, परवाना आणि कर ठेवा. सरकारचंही स्वतःचं एक कारण होतं आणि ते महसूल खात्यात जमा होत होतं. १३० वर्षांत या यादीत फारसा फरक पडलेला नाही. ‘वाईट पाणी’ गेलं आणि त्या जागी ‘अँग्झायटी’ आली. पाणी सुधारलं म्हणून ते गेलं, असं पवनेकाठी उभं राहून तरी कुणी म्हणणार नाही. बंधाऱ्यावरच्या मंडळींनाही हा अहवाल ठाऊक आहे, चाळीस सेकंदांचा. ‘ब्रिटिशांनीसुद्धा सांगितलंय, काही होत नाही.’ अतिरेकाचं वाक्य एकेचाळिसाव्या सेकंदाला येतं.

महादेवाचं नाव घेणाऱ्यांचा पंथ वेगळा. दंडावर त्रिशूळ गोंदलेला, मोटारसायकलच्या नंबर प्लेटवर नंबर सोडून सगळं, श्रावणी सोमवारी बिर्याणी, आणि पुडी मात्र प्रसादाची. महादेवाने हलाहलही प्यायलं होतं, त्या प्रसादाला अजून रांग लागलेली दिसत नाही. कायद्यालाही हा देव अर्धाच मान्य आहे. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी, म्हणजे बालदिनी, लागू झालेल्या अमली पदार्थविरोधी कायद्याने झाडाचा फुलांचा शेंडा तो गांजा, असं ठरवलं. शेंड्याविना नुसतं पान या व्याख्येत बसत नाही, त्याचा निर्णय राज्यांकडे गेला. त्यामुळे एकाच झाडाचं पान देवाकडे आणि फूल पोलिसांकडे, अशी वाटणी झालेली आहे. प्रसाद घेणाऱ्यांनी देवाच्या वाट्याकडे कधी बघितल्याचं ऐकिवात नाही.

परदेशवाले आणखी वेगळे. पासपोर्ट नाही, पण जर्मनीचा कायदा तोंडपाठ. १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला अंगावर २५ ग्रॅम, घरात ५० ग्रॅम आणि तीन झाडं. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ लाच मोकळं केलं, हेही माहीत आहे. थायलंडने २०२२ मध्ये दार उघडलं हे कळलं, २०२५ मध्ये ते पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणलं ही बातमी मात्र डांगे चौकात अडकलेली दिसते. जर्मनीचे बाकीचे कायदे हा माणूस आयात करत नाही. तिथे लोक रात्री दोनला रिकाम्या रस्त्यावरही सिग्नल पाळतात. हा चौकात राँग साइडने येतो, फुटपाथवरून जातो आणि मामांनी अडवलं तर म्हणतो, ‘साहेब, युरोपात यासाठी कुणी अडवत नाही.’ कशासाठी, ते दोघांनाही कळत नाही.

गांजात औषध नाहीच, असं मात्र नाही. लहान मुलांना होणाऱ्या दोन दुर्मिळ आणि फार हट्टी प्रकारच्या अपस्मारांसाठी गांजातल्या सीबीडी या द्रव्यापासून केलेलं औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. ते ओढत नाहीत. वजनाप्रमाणे मोजून, सिरिंजने मापून, मुलाच्या तोंडात घालतात, आणि त्यात नशा आणणारा भाग जवळजवळ नसतो. केमोथेरपीच्या मळमळीवरही याच झाडातल्या द्रव्याच्या गोळ्या वापरल्या जातात. दिवसात वीस झटके येणाऱ्या पोराच्या आईची हकिकत आपल्या तोंडी घेऊन कुणी पंचविशीतला धडधाकट गडी धूर सोडत ‘मेडिकल आहे’ म्हणतो, तेव्हा हसू येत नाही. आपल्या आनंदाला दुसऱ्याच्या आजाराचं तिकीट काढायची गरज काय? मजा येते म्हणून ओढतो, असं म्हणायला या लोकांची जीभ का झडते?

आणि झोपच म्हणायची तर ती कुणाची उडाली आहे, ते पाहायला सकाळी डांगे चौकात यावं. चाकणहून तिसरी पाळी सुटलेल्यांच्या बसगाड्या रिकाम्या होत असतात. ठेकेदाराचा माणूस उतरतो. या आठवड्यात तिसरी, पुढच्या आठवड्यात दुसरी, त्यानंतर पहिली, म्हणजे शरीराला रात्र नेमकी कुठे आहे हे कळायच्या आत रात्र बदलते. खोली दहा बाय दहाची, वर पत्रा, आत पाच जण. एक उठून पाळीला जातो आणि त्याच गरम अंथरुणावर दुसरा पडतो. एप्रिलमध्ये सकाळी दहालाच पत्रा तापतो. शेजारी इमारत उभी राहत असते, काँक्रीट मिक्सरचे ट्रक फिरत असतात, समोरच्या दुकानाचं उद्घाटन असतं आणि उद्घाटनाला डीजे असतो. मध्येच पाणी येतं. या शहरात नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं. त्या वर्षी धरण भरलं होतं. त्यानंतरही भरत आलं. ‘तात्पुरती व्यवस्था’ म्हणून सुरू झालेली ही व्यवस्था करणारे सगळे रात्री आठ तास झोपत असणार, कारण पिंप भरायला उठलेल्या माणसाला एवढा धीर नसतो. पाणी येतं त्या दिवशी ते ज्या वेळेला येतं, त्या वेळेला उठायचं, नाही उठलं तर दोन दिवस टँकरमागे पळायचं. टँकर गल्लीत शिरत नाही, कारण गल्लीत मोटारगाड्या उभ्या असतात. मोटारगाड्या गल्लीत असतात, कारण बिल्डरने पार्किंगमध्ये दुकानं काढलेली असतात. आणि त्यातल्याच एका दुकानाचं आज उद्घाटन असतं. म्हणजे तो डीजे. दुपारी तीनला हा माणूस उठून बसतो, सलग दोन तासांपेक्षा जास्त झोप मिळालेली नसते, आणि रात्री पुन्हा प्रेस मशीनसमोर उभं राहायचं असतं, जिथे डोळा लागला तर बोटं जातात.

यांतला एखादा बिडी रिकामी करून त्यात भरतो आणि चार झुरके घेतो. त्याला का म्हणून विचारलं तर तो म्हणतो, ‘असंच.’

या पट्ट्यात झोपेचं कारण द्यायचा हक्क ज्याला खरोखर आहे, तो ‘असंच’ म्हणतो. त्याला अँग्झायटी हा शब्द मिळालेला नाही, घड्याळ त्याला गुण देत नाही, अहवालाचे चाळीस सेकंद त्याच्या फोनवर आलेले नाहीत. आठवड्याचे दोन झुरके आणि रोजच्या तीन चिलमी यांतला फरक सांगायलाही त्याला कुणी बसवून घेतलेलं नाही. मग त्याच्यासाठी कारण दुसरेच लिहितात. पोलिसांच्या प्रेसनोटचा साचा ठरलेला असतो. खास बातमीदाराकडून खबर मिळते, सापळा रचला जातो, हिरवट काळपट रंगाचा, उग्र वासाचा, पाने, फुले, बिया व काड्या असलेला पदार्थ मिळून येतो, आणि तो आरोपीने ‘स्वतःच्या आर्थिक फायद्याकरिता’ बाळगलेला असतो. पंचनाम्यात वजन असतं, रंग असतो, वास असतो. झोप कशी लागते, हा रकाना नसतो. उंच इमारतीत चौदाव्या मजल्यावर तोच पदार्थ सापडला तर घरातले काउन्सेलरकडे नेतात आणि ‘फेज आहे, जाईल’ म्हणतात. पत्र्याखाली सापडला की तोच मुलगा गंजेडी ठरतो, घरमालक खोली खाली करायला सांगतो आणि ठेकेदार दुसऱ्या दिवसापासून गेटवर नाव ठेवत नाही. यात कुणालाच काही चुकीचं वाटत नाही, हे पाहून डोकं फिरतं.

कारणांची मोजणी करणारे शास्त्रज्ञही आहेत. १९९८ मध्ये अमेरिकेत काही मानसशास्त्रज्ञांनी गांजा ओढणाऱ्यांची कारणं पाच गटांत बसवली: मजा, त्रास विसरणं, चारचौघांत मिसळणं, इतर ओढतात म्हणून ओढणं आणि जाणिवा रुंदावणं. पाचांत लोकांचं भागेना. २००९ मध्ये दुसऱ्या एका गटाने ती बारा केली. त्यांत झोप आली, कंटाळा आला, ‘दारूपेक्षा बरं’ हेही आलं. आणि या बारांच्या पंगतीत एक कारण असं आहे की ते थेरगावात आजवर कुणाच्या तोंडून निघालेलं नाही: मिळाला म्हणून. समोर आला, कुणीतरी पुढे केला, पैसे लागले नाहीत, घेतला. आपल्याकडे फुकट मिळालेल्या वस्तूला इतकं तत्त्वज्ञान चिकटवायची प्रथा दुसऱ्या कुठल्याच बाबतीत नाही. लग्नात तिसरी जिलबी घेणारा ती साखर कमी झाली म्हणून घेतोय, असं सांगत नाही. या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. त्रास विसरायला म्हणून जे ओढतात, त्यांच्यात पुढची गुंतागुंत जास्त असते. म्हणजे आपण केवळ मौजेखातर ओढत नाही, असं जे अभिमानाने सांगतात, त्यांचीच काळजी जास्त करायची.

घरच्यांकडे मात्र एकच कारण असतं: संगत. गणेशनगरातल्या आईच्या मते तिच्या मुलाला शेजारच्या गल्लीतल्या पोराने लावलं. शेजारच्या गल्लीतल्या आईच्या मते ‘आमचा असा नव्हता हो ताई, त्या गणेशनगरच्याच्या नादाने गेला.’ ही साखळी धरून मागे जावं तर वाकडपर्यंत जाऊन पुन्हा पहिल्या घराशी येते. थेरगावातला प्रत्येक मुलगा दुसऱ्याच्या संगतीने बिघडलेला आहे आणि ज्याने पहिल्यांदा पेटवली तो अजून कुणाच्याही घरी जन्माला आलेला नाही.

या सगळ्या कारणांना कायद्याच्या दारात भाव शून्य. त्याच अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ प्रमाणे गांजा ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. झोपेसाठी ओढला, महादेवासाठी ओढला की जर्मनीसाठी, तिथे विचारत नाहीत. जवळ बाळगलेल्याचं फक्त वजन होतं: किलोपर्यंत अल्प, वीस किलोच्या पुढे व्यापारी. कायद्याने ऐकून घ्यायचं ठेवलेलं कारण एकच आहे आणि ते कलम ६४ अ मध्ये आहे. मला व्यसन लागलंय, मला उपचार हवेत. असं स्वतःहून म्हणून जो सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण करतो, त्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा खटला चालत नाही. अर्धवट सोडला तर संरक्षण काढून घेता येतं. एवढी सगळी कारणं, ध्यान, झोप, पचन, कल्पकता, जाणिवा, आणि जे एक कारण खरोखर उपयोगाचं, नेमकं तेच यादीत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते ७५ वयाच्या लोकांपैकी २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचं आढळलं. त्यांतल्या साधारण ७२ लाखांना मदतीची गरज असल्याचा अंदाज होता. उरलेले सव्वादोन कोटींहून जास्त लोक त्या मोजणीपुरते ठीकठाक आहेत, हेही खरं, आणि बंधाऱ्यावरचा प्रत्येक जण आपण त्या सव्वादोन कोटींतले आहोत हे शपथेवर सांगायला तयार आहे.

सरळ कारण देणारा एक माणूस महाराष्ट्रात निघाला, तो ओढणारा नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला की आपल्याला दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्यावी. कारण देव, झोप किंवा जर्मनी यांपैकी नव्हतं. कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, शेती तोट्यात आहे आणि गांजाला भाव आहे, एवढंच. प्रेसनोटवाले दुसऱ्याच्या माथी मारतात तो ‘आर्थिक फायदा’ याने स्वतःच्या सहीने लिहून दिला. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजून १६ तारखेला लागवड करू, हेही कळवलं. उत्तर पोलिसांकडून आलं: लागवड केली तर गुन्हा दाखल होईल. शिवाय पोलिसांच्या मते अर्जामागचं खरं कारण भाव नसून प्रसिद्धी हे आहे.